जत्रेतले मार्टिन : एक नाव, एक आडनाव आणि पुष्कळ गुंता

सूचिकार (धागालेखिका)

फ्रेंचांची एक म्हण आहे : ‘जत्रेत मार्टिन नावाचं गाढव एकच नसतं.’ नाव सारखं म्हणून माणूसही तोच, असं धरून चालू नये हे सांगायला ते ती वापरतात. ग्रंथालयात नामसूची लावणाऱ्या प्रत्येकाने ही म्हण टेबलासमोर चिकटवून ठेवावी, इतकी ती आमच्या कामाची आहे.

मी जिथे काम करते तिथे गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी आली. तिला मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकावर निबंध लिहायचा होता. आमच्याकडून तिला पुस्तक मिळालं ते अमेरिकेतल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं. दोन दिवसांनी परत आली तेव्हा अर्धा निबंध लिहून झाला होता आणि चारशे वर्षांचा घोळ तिच्या लक्षात आला होता. रडवेली झाली होती पोर. चूक सूचीची होती, दोघांची नोंद एकाच शीर्षकाखाली पडली होती. तेव्हापासून ‘मार्टिन’ या नावाखालची एकेक नोंद सोडवायला घेतली आहे, आणि त्यात जे सापडतंय ते एकटीने वाचत बसण्यासारखं नाही म्हणून हा धागा.

त्या दोघांपासूनच सुरुवात करते. ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा, जर्मनीतल्या आइस्लेबेनचा. बाप्तिस्मा दुसऱ्या दिवशी झाला. ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा सण, म्हणून बाळाचं नाव मार्टिन. रामनवमीला जन्मलेल्या मुलाला आपण राम म्हणतो, तसंच. पुढे १९३४ मध्ये अटलांटाचे एक पाद्री, मायकेल किंग, बाप्टिस्टांच्या जागतिक मेळाव्यासाठी बर्लिनला गेले. ल्यूथरची भूमी पाहून परतले आणि त्यांनी स्वतःचं नाव बदलून मार्टिन ल्यूथर केलं, पाच वर्षांच्या मुलाचंही केलं. मुलाच्या जन्मदाखल्यात ही दुरुस्ती व्हायला १९५७ साल उजाडलं. तोच मुलगा १९५९ मध्ये भारतात आला आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजी जिथे उतरायचे तिथे, मुक्कामाला राहिला.

म्हणजे ही नुसती नावं जुळण्याची गोष्ट नाही. एकाचं नाव दुसऱ्याकडे मुद्दाम नेलेलं आहे. मूळ मार्टिन चौथ्या शतकातला. आजच्या हंगेरीतल्या साव्हारियात जन्मलेला, बाप रोमन सैन्यात म्हणून हाही सैन्यात. आमियाँ शहराच्या वेशीपाशी ऐन थंडीत एक उघडा भिकारी दिसला, तेव्हा याने तलवारीने आपला झगा अर्धा कापून त्याला दिला. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला, ३९७ मध्ये वारला आणि ११ नोव्हेंबरला त्याला पुरलं. फ्रान्समध्ये त्याच्या नावाची दोनशेहून जास्त गावं आहेत, आणि आज ‘मार्टिन’ हे फ्रान्समधलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव आहे.

तुम्हाला ठाऊक असलेले मार्टिन इथे आणा. माणूस, गाव, यंत्र, पक्षी, काहीही चालेल. अट एकच : ते नाव त्याच्याकडे कसं आलं ते सांगा.

---

ह्रस्वदीर्घ

उत्तम विषय. सूचीचं काम करताय म्हणून आधी उच्चाराचं बोलतो. इंग्रज आणि जर्मन माणूस असेल तर ‘मार्टिन’. फ्रेंच असेल तर शेवटचा ‘न’ नाकात जातो, ‘मार्तँ’. स्पॅनिश ‘मार्तीन’, जोर शेवटी. पोर्तुगीज ‘मार्तीं’ आणि ‘मार्तिन्यू’. स्वीडिश ‘मॉर्टन’, हंगेरियन ‘मार्तोन’. नोंद मूळ उच्चाराप्रमाणे ठेवा आणि ‘मार्टिन’खाली ‘पाहा’ अशी चिठ्ठी द्या, नाहीतर शोधणारा हरवेल.

अर्थही सांगून ठेवतो. लॅटिन ‘मार्तिनुस’ म्हणजे मार्स देवाचा. मार्स हा रोमनांचा युद्धदेव, आणि ग्रह म्हणून आपला मंगळ. मार्च महिना त्याचाच. फ्रेंचमध्ये मंगळवाराला ‘मार्दी’ म्हणतात, तोही त्याचाच. वारांचे ग्रह त्यांचे आणि आपले एकच असल्यामुळे हे अगदी तंतोतंत बसतं. आमच्या गावाकडे मंगळवारी जन्मलेल्या पोराला मंगळू म्हणत. मार्टिनचं मराठी करायचंच झालं तर मंगळू करावं.

---

मांडवीकाठ

मंगळू आवडलं!

गोव्याकडून लिहिते. नावाचं आडनाव कसं होतं हे आमच्या गावात दारोदारच्या पाट्यांवर वाचायला मिळतं. मार्टिन्स म्हणजे मार्टिनचा मुलगा. फर्नांडिस फर्नांदोचा, रॉड्रिग्स रॉद्रिगोचा, लोपिस लोपोचा, गोन्साल्विस गोन्सालोचा, हेन्रिकिस हेन्रिकचा. शेवटचा ‘इस’ किंवा ‘स’ म्हणजे ‘चा’. मध्ययुगात पोर्तुगालमध्ये हे बापाचं नाव म्हणून लागायचं आणि पिढीगणिक बदलायचं. मग कधीतरी ते गोठलं आणि घराण्याला चिकटलं. गोव्यात ते गोठलेल्या अवस्थेतच आलं. त्यामुळे इथल्या मार्टिन्स घराण्याच्या मूळपुरुषाचं नाव मार्टिन असेलच असं मुळीच नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी ते वरून मिळालेलं आहे.

मराठीत आपण बापाचं नाव मधे ठेवतो आणि आडनाव गावावरून, धंद्यावरून, कुळावरून घेतो. त्यामुळे नाव आणि आडनाव एकच शब्द असणं आपल्याला चमत्कारिक वाटतं. युरोपात ते सर्रास आहे. मराठी भाषेवर जीव लावणारे फादर थॉमस स्टीफन्स घ्या. आडनावाचा अर्थ ‘स्टीफनचा’.

---

पाचवा_चेंडू

क्रिकेटवाल्यांकडून क्रिस मार्टिन. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज. ७१ कसोटी, २३३ बळी आणि धावा १२३. बळींपेक्षा धावा कमी. अकराव्या क्रमांकावर तो यायचा तेव्हा लोक फलंदाजीसाठी उठून उभे राहायचे. पण मला तो आठवतो अहमदाबादच्या नोव्हेंबर २०१० च्या कसोटीसाठी. भारताचा दुसरा डाव ५ बाद १५. त्या खेळपट्टीवर, जिथे चेंडू काहीच करत नव्हता तिथे, या माणसाने आपली वरची फळी कापून काढली. लक्ष्मण (९१) आणि हरभजन (११५) उभे राहिले म्हणून सामना वाचला. मी त्या दिवशी रजा टाकून टीव्हीसमोर बसलो होतो आणि अर्ध्या तासात जेवण जाईना झालं होतं.

नाव त्याच्याकडे कसं आलं ते मात्र सांगता येणार नाही. आडनाव होतं, एवढंच.

---

सहा_तारा

क्रिस मार्टिन म्हटल्यावर माझ्या पिढीला कोल्डप्लेचा गायक आठवतो. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत त्यांचे कार्यक्रम झाले तेव्हा आम्ही चौघं पहाटे नाशिकहून निघालो होतो.

पण तिसरा क्रिस मार्टिनही आहे आणि गिटार वाजवणाऱ्यांसाठी तोच मोठा. गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीचा, त्या घराण्यातला सहाव्या पिढीचा वारस. पूर्ण नाव ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन चौथा. १९८६ पासून २०२१ पर्यंत कारभार त्याच्या हातात होता. या घरात नाव आणि आडनाव दोन्ही पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा सूचीत जन्मवर्ष लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

पहिला ख्रिश्चन फ्रेडरिक १७९६ मध्ये सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्खेनमध्ये जन्मला. घरी सुतारकाम. हा व्हिएन्नाला श्टाउफर नावाच्या कारागिराकडे गिटार शिकला आणि गावी परतला. तिथे व्हायोलिनवाल्यांच्या संघाने आडकाठी घातली : तुम्ही सुतार, कपाटं करा, वाद्यं करायचा हक्क आमचा. हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी १८३३ मध्ये त्याने गाव सोडलं आणि न्यूयॉर्कला दुकान थाटलं. काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला गेला. कंपनी आजही तिथेच आहे. गिटारच्या वरच्या फळीखाली आतून फुलीच्या आकारात पट्ट्या लावतात, ती पद्धत या कारखान्यात रुळली. त्या फुलीमुळेच पुढे स्टीलच्या तारांचा ताण फळीला पेलवला. १९१६ मध्ये आलेला रुंद, भरदार अंगाचा ‘ड्रेडनॉट’ आकारही यांचाच. आज दुकानात टांगलेल्या दहा गिटारींतल्या बऱ्याचशा त्याच आकाराच्या असतात, त्यांच्यावर नाव कुणाचंही असो.

मला या गोष्टीत सुतारांचा मुद्दा फार लागतो. आपल्याकडे मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी मूळ शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. हात कसबी असला की तो एका कामातून दुसऱ्या कामात जातो.

---

सूचिकार

@सहा_तारा, हे मी छापून भिंतीवर लावणार आहे. तीन क्रिस मार्टिन एका दिवसात! जन्मवर्षाबद्दल अगदी सहमत.

@पाचवा_चेंडू, जेवण न जाण्याचा तो दिवस आमच्याही घरात होता.

---

भट्टीवाला

कोल्हापूर. फाउंड्रीत तीस वर्षं काढली, म्हणून लोखंडातले दोन मार्टिन सांगतो.

पहिला पिएर-एमिल मार्तँ. जन्म १८२४. फ्रेंच. १८६५ च्या सुमाराला त्याने सीमेन्सच्या भट्टीत कच्चं बीड आणि मोडीत निघालेलं लोखंड एकत्र वितळवून पोलाद केलं. सीमेन्सची करामत अशी की भट्टीतून बाहेर जाणारा गरम धूर विटांच्या जाळीतून नेऊन विटा तापवायच्या, मग प्रवाह उलटा करून त्याच विटांतून आतली हवा नि गॅस आणायचा. वाया जाणारी उष्णता परत कामाला लागते आणि पोलाद वितळण्याइतकं तापमान मिळतं. मार्तँने त्यात काय घालावं ते शोधलं. भंगाराचं पोलाद होणं तिथून सुरू झालं. बेसेमरच्या भांड्यात, म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या पद्धतीत, पोलाद मिनिटांत होतं, पण मधे हात घालता येत नाही. या भट्टीत तासन्‌तास लागतात, पण मधूनमधून पळीने नमुना काढायचा, तपासायचा, कमी-जास्त घालायचं. पुलाला, रुळाला, बॉयलरला भरवशाचं पोलाद त्यामुळे मिळू लागलं. जर्मनीत ही भट्टी सीमेन्स-मार्टिन या नावाने आणि रशियात नुसत्या मार्टेन या नावाने ओळखली जायची. जमशेदपूरला १९१२ मध्ये टाटांच्या कारखान्यात पहिलं पोलाद निघालं ते याच जातीच्या भट्टीतून.

मार्तँला आयुष्यात यातून फारसं काही मिळालं नाही. पेटंटच्या भांडणात पैसा गेला, आणि लोकांना तो जिवंत आहे हेही विसरायला झालं. म्हातारपणी आठवण झाली. १९१५ मध्ये बेसेमर सुवर्णपदक दिलं, त्याच वर्षी तो वारला. नव्वदी ओलांडली होती. ज्याच्या भट्टीवर जग उभं राहिलं त्याची ही तऱ्हा. तुमच्या सूचीत त्याला स्वतंत्र कार्ड द्या, सीमेन्सच्या पोटात घालू नका. माझी एवढीच विनंती आहे.

दुसरा आडोल्फ मार्टेन्स, जर्मन. आडनावाचा अर्थ मांडवीकाठ यांनी सांगितला तोच, मार्टिनचा. पोलादाचा तुकडा घासून, आम्लाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांतला. लोहार कोयता लाल करतो आणि चर्रकन पाण्यात घालतो, त्याला आपण पाणी देणं म्हणतो. त्या क्षणी पोलादाच्या आत कार्बनला हलायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि आतली रचना ताणली जाते. म्हणून धार कडक होते आणि ठिसूळही होते. त्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, त्याच्या नावावरून. माझ्या आजोबांना हा शब्द ठाऊक नव्हता, पण पाण्यात किती वेळ धरायचं हे त्यांना कोयत्याच्या आवाजावरून कळायचं.

---

ऊनपाऊस

भट्टीवाला काका, प्रतिसाद दोनदा वाचला. पिएर-एमिलसाठी वाईट वाटलं.

रसायनाची शिक्षिका आहे, एक छोटी भर. गाळणकागदावर शाईचा ठिपका ठेवून पाणी चढवलं की रंग वेगवेगळे होतात, हा प्रयोग मी दर वर्षी घेते. त्यामागचा माणूस आर्चर मार्टिन. लोकर संशोधनाच्या प्रयोगशाळेत, लीड्सला, रिचर्ड सिंजबरोबर काम करायचा. लोकरीच्या प्रथिनातली अमिनो आम्लं वेगळी करायची होती. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. आज औषधाची शुद्धता तपासणारी यंत्रं त्याच विचारावर चालतात.

---

पाणथळ

पक्ष्यांकडे अजून कुणी वळलं नाही, आश्चर्य आहे. इंग्रजीत भिंगरीच्या कुळातल्या काही पक्ष्यांना मार्टिन म्हणतात. आपल्या गडांच्या कड्यांवर, दरवाजांच्या कमानींत मातीचं वाटीसारखं घरटं करणारा काळपट पक्षी तुम्ही पाहिला असेल. राजगडावर, हरिश्चंद्रगडावर हमखास. तो त्यातलाच.

पण खरी मौज फ्रेंचमध्ये आहे. आपल्या खंड्याला ते ‘मार्तँ-पेशर’ म्हणतात, म्हणजे मासेमार मार्टिन. आणि आपली साळुंकी? ती ‘मार्तँ त्रिस्त’. शब्दशः उदास मार्टिन. जी साळुंकी दिवसभर आमच्या अंगणात भांडण काढते, कुत्र्याच्या ताटलीतला भात पळवते, तिला उदास कुणी म्हणावं! ते ‘त्रिस्त’ तिच्या शास्त्रीय नावातून आलंय, लिनियसने १७६६ मध्ये तिला ‘त्रिस्तिस’ म्हटलं होतं. अंगाचा मंद तपकिरी रंग त्याच्या डोळ्यापुढे असावा असं मला वाटतं.

युरोपात प्राण्यापक्ष्यांना माणसाची नावं लावायची जुनी रीत आहे. गाढव मार्टिन, अस्वल मार्टिन, पक्षी मार्टिन. जे नाव गावात सगळ्यांत जास्त ऐकू येतं तेच जनावराला पडतं. आपल्याकडे पोपटाला मिठू पडतं आणि बैलाला सर्जा-राजा, तसं.

---

वाक्वाकर

मोरिशसहून नमस्कार. माझं मराठी शाळेत शिकलेलं आहे, चुका सांभाळून घ्या.

पाणथळ यांचं वाचून खूप आनंद झाला. आमच्याकडे क्रेओलमध्ये साळुंकीला मार्तँच म्हणतात. लहानपणी मला वाटायचं हे एखाद्या शेजाऱ्याचं नाव आहे. आजी ‘साळुंकी’ म्हणायची आणि अंगणाबाहेर गेलं की तोच पक्षी ‘मार्तँ’ व्हायचा. दोन वेगळे पक्षी आहेत अशी माझी पाच-सहा वर्षांपर्यंत खात्री होती.

हा पक्षी इथला नाही. फ्रेंचांनी अठराव्या शतकात तो भारतातून शेजारच्या रेयुनियों बेटावर आणि आमच्या बेटावर आणला. टोळ पिकं खात होते, टोळ खायला साळुंक्या. आमचे पूर्वज रत्नागिरी-सातारा भागातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले. गिरमिटियांची जहाजं १८३४ पासून सुरू झाली. म्हणजे आमचे खापरपणजोबा बंदरात उतरले तेव्हा गावाकडची साळुंकी आधीच इथे होती, फ्रेंच नाव घेऊन. त्यांना तिचा आवाज ओळखू आला असेल का, असं मी पुष्कळदा मनात आणतो.

---

सूचिकार

@वाक्वाकर, तुमच्या मराठीत एकही चूक मला दिसली नाही. हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच करता आलं नाही.

---

हेमाडपंती

धागा सुंदर चाललाय, पण एक हरकत नोंदवतो. संत मार्टिनपासून सगळं निघालं असं चित्र तयार होतंय. भिंगरी, साळुंकी, न्यूझीलंडचा गोलंदाज, मार्टेन्स, या सगळ्यांचा झग्याशी काय संबंध? नाव लोकप्रिय झालं ते संतामुळे, हे मान्य. त्यानंतर ते नाणं झालं. नाण्यावर राजाचा चेहरा असतो, म्हणून त्या नाण्याने घेतलेली प्रत्येक भाजी राजाची होत नाही. सूचीत ‘संत मार्टिनवरून’ असा शेरा फक्त जिथे पुरावा आहे तिथेच द्यावा : ल्यूथर, गावं, चर्च, सण. बाकी नुसतं ‘आडनाव’.

आता माझी भर. इटालियनांची म्हण आहे, ‘एका टिंबापायी मार्टिनचा झगा गेला.’ हा मार्टिन एका मठाचा महंत. त्याने मठाच्या दारावर लॅटिनमध्ये लिहायला सांगितलं : दार उघडं असो, कुणाही सज्जनाला ते बंद नसो. ‘पोर्ता पातेन्स एस्तो. नुल्ली क्लाउदातुर होनेस्तो.’ लिहिणाऱ्याने पूर्णविराम एक शब्द पुढे टाकला. ‘पोर्ता पातेन्स एस्तो नुल्ली. क्लाउदातुर होनेस्तो.’ झालं असं : दार कुणालाही उघडं नसो, सज्जनाला ते बंद असो. वरच्यांनी पाहिलं आणि महंताचं पद गेलं, पदाचा झगा गेला.

वाचताच शनिवारवाडा आठवला. १७७३, नारायणराव, ‘धरावे’चं ‘मारावे’. ध चा मा. आपल्या गोष्टीत एका अक्षराने जीव गेला, त्यांच्या गोष्टीत टिंबाने पद गेलं. दोन्ही गोष्टी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या त्या लिहिणाऱ्याच्या हातात किती असतं, या धाकापोटी.

---

सूचिकार

हरकत रास्त आहे आणि मी ती मानते. ‘पुरावा असेल तिथेच शेरा’, लिहून घेतलं.

फक्त एक. तुमच्या म्हणीतला झगा इटालियनमध्ये ‘काप्पा’ आहे ना? संताच्या अर्ध्या झग्यालाही लॅटिनमध्ये ‘काप्पा’च म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा, त्यावर मला काहीतरी सुचतंय.

---

गोमतीकाठ

लखनौत वाढलेला मराठी माणूस. क्लोद मार्तँशिवाय ही यादी पुरी होणार नाही.

जन्म १७३५, लियाँ. फ्रेंचांचा शिपाई म्हणून दक्षिणेत आला, पुढे इंग्रज कंपनीत गेला आणि मेजर-जनरलपर्यंत चढला. लखनौला नवाब असफुद्दौलाच्या पदरी शस्त्रागार सांभाळलं, नीळ, सावकारी, इमारती यांत अफाट पैसा केला. गोमतीकाठी ‘कॉन्स्टान्शिया’ नावाचा वाडा बांधला. त्याला मूतखडा होता. दुखणं असह्य झालं तेव्हा त्याने बारीक कानस स्वतःच आत घालून, महिनोन्‌महिने, तो खडा घासून काढला. वैद्यकाच्या इतिहासात याची नोंद आहे. १८०० मध्ये वारला. संपत्तीतून लखनौ, कोलकाता आणि लियाँ, तिन्हीकडे शाळा काढायला सांगून गेला आणि स्वतःला वाड्याच्या तळघरात पुरायला लावलं. ला मार्टिनियर नाव त्यावरून. आमच्या शाळेत नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात ती कबर दाखवायला नेत. तिथला थंडावा अजून अंगाला आठवतो.

पूर्वेकडे आणखी एक मार्टिन आहे. कोलकात्याची मार्टिन आणि कंपनी, सर राजेंद्रनाथ मुखर्जी आणि टॉमस ॲक्विन मार्टिन यांची. व्हिक्टोरिया मेमोरियल त्यांनी बांधलं. हावडा ते आमता छोटी रेल्वे त्यांचीच, लोक तिला ‘मार्टिनची गाडी’ म्हणत. १९७१ मध्ये ती बंद पडली.

---

ह्रस्वदीर्घ

बेटांची एक नोंद करा, घोळ मोठा आहे. कॅरिबियनमधलं सेंट मार्टिन सुमारे ८७ चौरस किलोमीटरचं, १६४८ पासून फ्रेंच आणि डच यांच्यात विभागलेलं. आणि बंगालच्या उपसागरात, टेकनाफच्या खाली, बांगलादेशचं सेंट मार्टिन बेट, प्रवाळाचं, स्थानिक नाव नारिकेल जिंजिरा. ‘जिंजिरा’ म्हणजे आपला जंजिराच, अरबी ‘जझीरा’, बेट. बातम्यांत दोन्हींचे फोटो एकमेकांना लावलेले मी पाहिले आहेत.

अ‍ॅस्टन मार्टिन मोटार लायोनेल मार्टिनच्या आडनावावरून आहे. अ‍ॅस्टन ही टेकडी, जिच्यावर तो मोटारीच्या शर्यतीत उतरला.

---

इझारकाठ

म्युनिकहून. ११ नोव्हेंबरला इथे अंधार पडला की बालवाडीतली मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला अडकवून रांगेने निघतात. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन. चौकात आल्यावर तो झगा कापून भिकारी झालेल्या कुणाला तरी देतो, मग शेकोटी आणि गोड पाव. घरोघरी बदक-हंसाचं जेवण.

माझ्या मुलीचं पहिलं वर्ष होतं तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. गॅलरीत आमचा आकाशकंदील अजून लागलेला होता. तिने तोच उतरवून मागितला. मी नाही म्हणणार होते, पण दिला. त्या रांगेत पंचवीस कंदील होते आणि एक षट्कोनी, झिरमिळ्यांचा. शिक्षिकेने विचारलं, हा कुठल्या मार्टिनचा? मुलगी म्हणाली, ‘आजीचा.’ कंदील सासूबाईंनी पुण्याहून पाठवला होता.

---

मांडवीकाठ

सूचिकारताई, तुम्हाला ‘काप्पा’वरून काय सुचत होतं ते मी सांगू का? रविवारपासून मीही त्याच शब्दावर अडले आहे.

फ्रँक राजांनी संताच्या त्या झग्याचा तुकडा पवित्र वस्तू म्हणून जपला. लढाईवर जातानाही तो बरोबर असायचा. छोटा झगा म्हणून ‘काप्पेल्ला’. तो सांभाळणारा पाद्री ‘काप्पेल्लानुस’, आणि तो ज्या छोट्या खोलीत ठेवायचे त्या खोलीलाही काप्पेल्लाच म्हणू लागले. मग कुठलीही छोटी प्रार्थनेची जागा काप्पेल्ला. इंग्रजी चॅपल तिथून आलं. पोर्तुगीजमध्ये ‘कापेला’. आणि आमच्या कोकणीत ‘कपेल’.

आमच्या वाड्यावर वडाच्या बुंध्याजवळ पांढरी कपेल आहे. आत चार माणसं उभी राहतील एवढीच. मे महिन्यात संध्याकाळी तिथे लादाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, होते, नंतर उकडलेले चणे वाटतात. आमच्या घरचा देव वेगळा, तरी आई दिवा लागायच्या वेळी तिथून जाताना थांबायची आणि डोक्यावरचा पदर नीट करायची. ती जागा एका कापलेल्या झग्याच्या नावाने उभी आहे हे मला या धाग्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

---

सूचिकार

हेच. अगदी हेच सुचत होतं, पण कपेल माझ्यापर्यंत पोचली नव्हती. हेमाडपंती, इथे शेरा देता येईल ना?

---

हेमाडपंती

इथे देता येईल. पुरावा शब्दातच आहे.

---

सूचिकार

आजपर्यंत एकेचाळीस कार्डं झाली. पिएर-एमिलचं वेगळं आहे, भट्टीवाला काका. क्रिस मार्टिन तिघे, जन्मवर्षांसकट. नववीतली मुलगी आता दहावीत आहे. शनिवारी येते आणि माझ्याबरोबर कार्डं लावते. काल तिने एक कार्ड स्वतःहून लिहिलं आणि मला न विचारता ‘स’च्या खणात लावलं. ‘साळुंकी : पाहा, मार्टिन (मोरिशस).’

---

वाक्वाकर

तिला सांगा, आज सकाळी आमच्या लिचीच्या झाडावर सात होत्या.